गास्पारचं पिंप

कोंबडी अकरा वाजताच शिजली होती, पण ओदील तिच्यात वाइन घालू देईना.

"आई, रस्सा आटतोय," सोलांज म्हणाली.

"आटू दे. विस्तव कमी कर."

"निदान कपाटातली उघडलेली बाटली तरी घालू या. थोडीशी."

"सोलांज, आज या पातेल्यात गास्पारची वाइन पडणार. नाहीतर काहीच पडणार नाही. तू अळंब्या निवड, त्यांच्यात अजून माती आहे."

सोलांज मुकाट्याने अळंब्या निवडायला बसली. सासू चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. आज तिने कानात मोत्याची कुडी घातली होती. सव्वासहा वर्षांत पहिल्यांदा.

पेल्यात जी पिवळी वाइन, तीच पातेल्यात, ही आमच्या डोंगराकडची रीत. त्यात मिदोलांच्या घरात तर रीत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सोलांज बर्गंडीची, द्राक्षवाल्याच्याच घरची, इथं येऊन अठ्ठावीस वर्षं झाली तरी 'बर्गंडीवाली'च राहिली. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी तिने पाहुण्यांना आधी पांढरी वाढली आणि मग लाल. बर्गंडीत तसंच करतात. इथं उलटं. इथं लाल हलकी, ती आधी, आणि पांढरी जडशीळ, ती शेवटी. अख्खं टेबल हसलं होतं. एकटा गास्पार, तेव्हा तेरा वर्षांचा होता, म्हणाला होता, "वहिनी, मला आवडलं. उद्या पण असंच कर." त्या दिवसापासून या धाकट्या दिरावर तिचा जीव जडला.

आणि तो गास्पार पंचाऐंशीच्या नोव्हेंबरात उतारावरच्या मळ्यात ट्रॅक्टरखाली गेला. पस्तीस वर्षांचा होता. त्याच्या तीनच आठवडे आधी त्याने त्या उतारावरच्या सावान्यँ द्राक्षांची वाइन पिंपात भरली होती, एकच पिंप. सगळ्यात आतल्या तळघरात ठेवून आईला सांगितलं होतं, "ही पिवळी होणार. हिला कुणी हात लावायचा नाही."

हात लावायचा नाही, हीच तर पिवळीची गोम. सोलांजच्या बापाच्या तळघरात दर शनिवारी पिंपं काठोकाठ भरायची, हवेला जागा ठेवायची नाही. आणि इथं सहा वर्षं तीन महिने नुसतं बघत बसायचं. वाइन आटत जाते, वर दुधावर धरावी तशी साय धरते, त्या सायीखाली ती पिवळी होते, तिला अक्रोडाचा वास यायला लागतो. मध्येच कुणी वरून भर घातली, साय मोडली, की संपलं. साधी पांढरी उरते.

सहा वर्षं तीन महिने या आठवड्यात पुरे झाले होते. आणि सोलांजला ठाऊक होतं की त्या पिंपात पिवळी नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात तिने सासूला पाहिलं होतं. एप्रनखाली बाटली लपवून आतल्या तळघरात उतरताना, आणि रिकामी बाटली घेऊन वर येताना. एकदा नाही. त्या हिवाळ्यात वीसेक वेळा तरी. पहिल्यांदा तिला वाटलं, म्हातारी चोरून पिते की काय. मग एक दिवस मागोमाग गेली आणि अंधारात उभी राहिली. ओदील पिंपाचं वरचं बूच काढून बाटली ओतत होती आणि पुटपुटत होती, "घे बाळा, घे."

सोलांजने हे कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला तर मुळीच नाही.

"आई," ती आता म्हणाली, "अजून वर्षभर राहू दे ना ते पिंप. मुरलेली आणखी चांगली."

ओदीलने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "का? तुला घाई नाही?"

"मला कसली घाई?"

"मग गप बस. मला आहे."

सोलांजचा नवरा रेमी अंगणात बहिणीची गाडी लावून घेत होता. इरेन बझांसोंहून आली होती, हातात अक्रोडाचा केक, अंगावर शहरी कोट. गाडीतून उतरायच्या आधीच तिने विचारलं, "ठरलंय ना मग?"

"ठरलंय."

"पिंप बिघडलेलं निघालं तर उतारावरच्या वेली उपटायच्या."

"बिघडलं तर. आधीच अपशकुन करू नकोस."

"मी कुठं करतेय? मला तर तो उतार उपटलेलाच हवाय. तुलाही हवाय. फक्त तू शार्दोने द्राक्षांचं नाव पुढं करतोस."

दोन नाताळांपूर्वी रेमीनेच ही पैज लावली होती. आईसमोर तो म्हणाला होता, तो उतार सरळसोट आहे, सावान्यँ सहा वर्षांनी हाताला लागते, शार्दोने लावली तर दोन वर्षांत बाटलीत जाते. आई म्हणाली, गास्पारचं पिंप उघडू दे. चांगली निघाली तर उताराला हात लावायचा नाही. नाही निघाली तर तुझं खरं. दोघांनी हातावर हात मारला. सौदा सरळ होता.

पण खरी गोष्ट शार्दोनेची नव्हती. खरी गोष्ट अशी की सव्वासहा वर्षांत रेमी त्या उतारावर एकदाही चढला नव्हता. छाटणीला गडी पाठवायचा, तोडणीला गडी पाठवायचा. दाढीचा आरसा मागच्या खोलीत, आणि तिच्या खिडकीतून तो उतार दिसतो, म्हणून न्हाव्याकडे जाऊन दाढी करून यायचा. गावात सगळ्यांना हे माहीत होतं. घरात कुणी बोलत नव्हतं, इतकंच.

जेवण सुरू झालं ते रीतीप्रमाणे. धुरावलेलं मोर्तोचं सॉसेज, उकडलेले बटाटे, आणि पुल्सार. ही आमची फिकट लाल, पेल्यातून पलीकडचं बोट दिसतं. मग खारवलेल्या मांसाचे काप आणि त्रुसो, ती जरा गडद. ओदीलने दोन्हीचा एक एक घोट घेतला आणि पेला बाजूला सारला.

"जीभ राखून ठेवतेय," ती म्हणाली.

"गास्पारनं पुल्सार कधी राखून ठेवली नाही," इरेन म्हणाली. "तोडणीच्या जेवणात अख्खा घडा संपवायचा."

"आणि मग टेबलावर चढून गायचा," सोलांज म्हणाली.

"बेसूर!" ओदील हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवलेही नाहीत. "पोरांनो, मला फार आठवण येते रे त्याची. तुम्हाला वाटतं म्हातारी सावरली. कुठली सावरतेय! रोज सकाळी मला वाटतं, दार ढकलून येईल आणि म्हणेल, आई, कॉफी टाक."

रेमी ताटातल्या बटाट्याचे तुकडे करत राहिला.

"म्हणून म्हणते," ओदील पुढे म्हणाली, "आज मला त्याचा एक घोट पाहिजे. त्यानं केलेलं असं आता एवढंच उरलंय. बाकी काही नको."

"आई, आणि चांगली नाही निघाली तर?" इरेनने विचारलं.

"तर रेमीचं खरं. शब्द म्हणजे शब्द."

"इरेन," सोलांज पटकन म्हणाली, "उतार उपटून तुला काय मिळणार आहे? तू तर बझांसोंला राहतेस."

इरेनने काटा खाली ठेवला. "मला काय मिळणार? माझा दुसरा भाऊ परत मिळेल, वहिनी. हा माणूस मागच्या खोलीत पाऊल टाकत नाही, तुला दिसत नाही का? मला वाटलं, निदान तू तरी माझ्या बाजूनं बोलशील."

"इरेन, पुरे," रेमी म्हणाला.

"का पुरे? इथं सगळे शार्दोने शार्दोने करतात. सांग ना आईला, तुला तो उतार बघवत नाही."

ओदील रेमीकडे बघत राहिली. रेमीने रुमाल टेबलावर टाकला आणि उठला.

"चला खाली. कोंबडी खोळंबलीय."

आतल्या तळघरात जायला चौदा पायऱ्या. सोलांजने सासूचा दंड धरला होता. दर पायरीला तिला वाटत होतं, आता सांगावं, आता सांगावं. शेवटच्या पायरीवर तिने सासूच्या कानात म्हटलंच, "आई, मी पाहिलंय. मला माहीत आहे."

ओदील थबकली. मग हळूच म्हणाली, "तीन वर्षं हात लावला नाही मी. परत धरली असेल साय. धरते कधी कधी."

"धरते?"

"धरायला पाहिजे, सोलांज."

त्या एवढ्याशा आशेवर म्हातारीने कुडी घातली होती. सोलांजने तिचा दंड घट्ट धरला. तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण या घरच्या आहोत. पण त्याचा आनंद वाटायची ती वेळ नव्हती.

रेमीने पिंपासमोर गुडघे टेकले. पिंप उघडायच्या आधी बोटाच्या पेराने वाजवून बघायचं, हे त्याला बापाने शिकवलेलं. सहा वर्षांची पिवळी असेल तर वरचा तिसरा हिस्सा आटलेला असतो, तिथं आवाज पोकळ येतो. रेमीने वर वाजवलं. मग जरा खाली वाजवलं. मग परत वर.

आवाज पोकळ नव्हता. चार बोटं जागा होती, बस. बाकी पिंप भरलेलं होतं.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. खालच्या भोकातली लाकडी खुंटी काढली, पेला धरला. वाइन फिकट होती. नाकाला लावली. अक्रोड नाही, मसाला नाही, काही नाही. लिंबाचा वास आणि थोडा ओल्या दगडाचा. त्याने घोट घेतला आणि तोंडात फिरवला.

पैज त्याने जिंकली होती. उद्या माणसं बोलावली तरी चालणार होतं. वसंतात तिथं नांगर फिरला असता आणि खिडकीतून नुसती माती दिसली असती. सव्वासहा वर्षं त्याला हेच हवं होतं. मग त्याने मागे वळून आईकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात छातीशी होते, ओठ किंचित उघडे. घास घ्यायला लहान मूल बसतं ना, तशी ती उभी होती.

"लागलाय," रेमी म्हणाला. "अक्रोड लागलाय, आई. झकास झालीय."

इरेनने त्याच्याकडे आश्चर्याने बघितलं. सोलांजने डोळे मिटले.

"दे," ओदील म्हणाली.

तिने पेला घेतला, वास घेतला आणि तशीच उभी राहिली. मग घोट घेतला. बराच वेळ गिळला नाही.

"रेमी," ती शेवटी म्हणाली, "तुझ्या बापानं तुला हे नाक दिलं. त्या नाकाची शपथ घेऊन सांग, ही पिवळी आहे?"

"आहे."

"माझ्या तळघरात वाइनबद्दल खोटं बोलायचं नाही! दुसरं काय वाटेल ते बोल." तिचा आवाज चिरकला. "ही पिवळी नाही. होणार कशी? मी हिच्यात भर घातली. सबंध हिवाळा घातली. पार काठापर्यंत."

रेमी गुडघ्यांवरून उठला.

"तू?" रेमी म्हणाला. "तू भर घातलीस?"

"मी."

"पन्नास वर्षं या घरात काढलीस तू! बूच नुसतं हलवलं म्हणून एकदा मला मुस्काटात मारली होतीस. दहा वर्षांचा होतो मी!"

"मारली होती. आठवतंय."

"आणि मी?" रेमी आता ओरडतच होता. "मी सव्वासहा वर्षं या पिंपासमोरून गेलोय. दर दिवशी! मला वाटत नव्हतं, एक थेंब चाखावा? तो माझा भाऊ होता. मी एकदा बोट लावलं नाही. एकदासुद्धा नाही. म्हटलं, राहू दे, त्याचं आहे. आणि तू त्याच्यात साधी पांढरी ओतलीस? का? का केलंस असं?"

"ओरडू नकोस तिच्यावर," सोलांज म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"हो. आणि मी गप्प बसले. माझ्यावर ओरड."

"ओरडू दे त्याला," ओदील म्हणाली. "त्याचा हक्क आहे." ती पिंपाला टेकली. "मी दर आठवड्याला इथं यायचे, रेमी. यायचे आणि वाजवायचे. तू आत्ता वाजवलंस ना, तसं. पहिल्या वर्षी आवाज वर होता. मग खाली खाली गेला. दुसऱ्या वर्षी आणखी खाली. मला माहीत होतं हो, आटलीच पाहिजे, त्याशिवाय पिवळी होत नाही. जन्म गेला माझा यात. पण दर वेळी वाटायचं, माझं पोर कमी होत चाललंय. अगोदरच काही उरलं नाही, आणि जे उरलंय तेही आटत चाललंय. मला तो रिकामा आवाज ऐकवेना. मग एक बाटली ओतली. म्हटलं, एकच. तर आवाज बोटभर वर आला. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू तुला. मग थांबताच येईना."

इरेन रडायला लागली होती. कोटाच्या बाहीने तोंड पुसत म्हणाली, "वेडीच आहेस तू आई. पार वेडी."

"आहेच," ओदील म्हणाली. "त्याचा एक घोट पाहिजे होता मला. मीच बुडवला."

रेमीने पेला तिच्या हातातून घेतला. त्यातली उरलेली वाइन त्याने पुन्हा चाखली, या वेळी सावकाश. सोलांजलाही दिला. इरेनलाही.

"चांगली आहे गं," सोलांज म्हणाली. "खरंच सांगते. आमच्याकडे अशीच करतात."

"झालं! बर्गंडीवालीला आवडली," ओदील म्हणाली. "म्हणजे वाटोळंच झालं समज."

इरेनला रडता रडता हसू आलं. रेमी हसला नाही, पण त्याने लहान घडा मागून घेतला, भरला, खुंटी परत ठोकली आणि सगळी वर आली.

कोंबडीत अखेर तीच वाइन पडली. साय मोडलेली, अक्रोड नसलेली. वर साय-लोणी आणि अळंब्या घातल्या. पिवळीचा रस्सा कसा दाट, तिखटसर, नाकात जाणारा असतो. हा हलका होता, किंचित आंबट. वर्षभर मुरलेल्या कोंते चीजबरोबर तो जरा बरा लागला. जेवताना कुणी फार बोललं नाही. पण ताटात कुणी काही टाकलंही नाही.

केक कापायच्या आधी ओदीलने कानातली कुडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"मंगळवारी माणसं बोलाव, रेमी. उपट तो उतार. शब्द म्हणजे शब्द."

रेमीने हातातली सुरी खाली ठेवली. मग उठला आणि मागच्या खोलीत गेला. सोलांजने इरेनकडे पाहिलं. त्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. खिडकीची फळी ढकलल्याचाही आवाज आला.

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. खुर्चीच्या पाठीला धरून तो उभाच राहिला.

"वरच्या चार ओळी वाईट छाटल्यात गेल्या वर्षी," तो म्हणाला. "गड्यांनी नुसती कापाकापी केलीय. गास्पारनं बघितलं असतं तर शिव्या घातल्या असत्या."

"मग?" ओदील म्हणाली.

"तुला ते ऐकवत नव्हतं, मला हे बघवत नव्हतं. आपण दोघं सारखेच, आई. आणि मी तुझ्यावर ओरडतोय. नाही उपटत. पिंपाची परीक्षा झालीच नाही, तर निकाल कसला? गेल्या शरदातली त्याच्या उताराची सावान्यँ टाकीत आहे. उद्या एक पिंप भरतो. सहा वर्षं तीन महिने. मग बघू."

"मी ऐंशीची होईन."

"हो की. तोपर्यंत थांबावं लागेल."

"आणि उतारावर कोण चढणार?"

"मी चढतो," रेमी म्हणाला. "उद्या सकाळी. छाटणी तशी राहिलीच आहे."

इरेन उठून भावाच्या गळ्यात पडली. सोलांज गोड वाइनची बाटली आणायला वळली. ओदीलने हात पुढे करून मुलाचं मनगट धरलं आणि त्याला खाली ओढलं, आपल्या तोंडाजवळ.

"भर पिंप," ती म्हणाली. "पण कुठं ठेवतोस ते मला सांगू नकोस, रेमी. मी परत भर घालीन."